वाढते पोर सबंध पाहावे

श्रोतेहो, तेरा ते अठरा वर्षांचे पोर घरात असले, म्हणजे त्याच्याविषयी प्रत्येकाची एकेक तक्रार असते. आई म्हणते, जेवायला वेळेवर येत नाही. वडील म्हणतात, कामाला हात लावत नाही. गुरुजी म्हणतात, अभ्यासात लक्ष नाही. देवळातले पुजारी काय, मशिदीतले मौलवी काय, चर्चमधले फादर काय, सगळे म्हणतात की प्रार्थनेला बसले तरी याचे डोळे दाराकडे. तक्रारी साऱ्या खऱ्याच असतात. पण गंमत अशी, की जो तो त्या पोराचा एकेक तुकडा पाहत असतो. सबंध पोर कुणाच्याच नजरेत येत नाही.

हा प्रश्न नुसता आपल्याकडचा नाही बरं का. कॅथलिक ख्रिस्ती लोकांत प्रत्येक चर्चभोवती वस्तीचा एक ठरलेला टापू असतो. आपल्याकडे वसईच्या बाजूला त्याला धर्मग्राम म्हणतात. त्या टापूतल्या लहानथोरांची धार्मिक जबाबदारी तिथल्या धर्मगुरूंवर असते. लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, मोठ्यांची लग्ने लावायची, आजाऱ्याला भेटायचे, हे सारे पूर्वीपासून ठरून गेलेले आहे. मधल्या वयाच्या पोरांचे काय करायचे, हे मात्र पुष्कळ ठिकाणी नीटसे उमगलेले नव्हते. त्याचा एक उलगडा एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तूरीन शहरी एका शेतकऱ्याच्या मुलाने केला. त्याची हकीकत आज सांगायची आहे.

या माणसाचे नाव जॉन बॉस्को. लोक त्यांना डॉन बॉस्को म्हणत. आजकाल सिनेमामुळे 'डॉन' म्हटले की भलताच माणूस डोळ्यांपुढे येतो. पण इटलीत धर्मगुरूंना आदराने 'डॉन' म्हणतात, आपण 'फादर' म्हणतो तसे. १६ ऑगस्ट १८१५ रोजी बेकी नावाच्या छोट्या वाडीत त्यांचा जन्म झाला. दोन वर्षांचे व्हायच्या आतच वडील गेले. आई मार्गारिता निरक्षर, पण मोठ्या धीराची. तिनेच मुलांना वाढवले. पोराने दुसऱ्याच्या शेतावर गडी म्हणून काम केले. पुढे शाळेसाठी शहरात राहताना शिंप्याकडे, कॉफीच्या दुकानात, असे मिळेल तिथे राबून शिक्षण केले. दोरीवरून चालणे, हातचलाखीचे खेळ करणे हीही विद्या त्याने शिकून घेतली होती. खेळ पाहायला मुले जमत, आणि खेळाच्या मध्ये हा त्यांना रविवारचे प्रवचन जसेच्या तसे म्हणून दाखवी. गावचे धर्मगुरू वाटेने जाताना मुलांशी बोलत नाहीत, हे त्याला लहानपणी फार लागे. मी धर्मगुरू झालो तर मुलांच्या जवळ जाईन, असे तो आईला म्हणे. १८४१ च्या जून महिन्यात तो धर्मगुरू झाला आणि तूरीनला आला.

आता त्या वेळचे तूरीन कसे होते ते पाहू. आल्प्स पर्वताच्या पायथ्याचे हे राजधानीचे शहर तेव्हा झपाट्याने वाढत होते. नवी घरे बांधायची म्हणजे गवंडी हवेत, पाथरवट हवेत, विटा वाहणारे हवेत. डोंगराकडच्या गावांतून पोरे शहरात येत. कुणी बाराचा, कुणी पंधराचा. कोकणातली पोरे मुंबईच्या गिरण्यांकडे जशी जात, तसेच म्हणा ना. मात्र या पोरांना शहरात ना मामा, ना गाववाल्यांची खोली. आठवडाभर मालक राबवून घेई. रविवारी काम बंद, खिशात चार पैसे, आणि विचारणारे कुणी नाही. मग व्हायचे ते होई.

काफासो नावाचे एक वडीलधारे धर्मगुरू डॉन बॉस्कोंना शहरातल्या तुरुंगांत घेऊन गेले. तिथे त्यांनी जे पाहिले ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. बारा ते अठरा वर्षांची धडधाकट, हुशार पोरे तिथे कोंडलेली. काम नाही, पोटाला पुरेसे नाही, किडे चावताहेत. पण त्यांना सर्वांत जास्त जाचली ती दुसरीच गोष्ट. सुटून गेलेली पोरे पुन्हा तिथेच येत होती. सुटताना त्यांचा निश्चय खरा असे. पण बाहेर त्यांची वाट पाहणारे कुणी नसे. तेव्हा डॉन बॉस्कोंच्या मनाने घेतले, की या पोरांना बाहेर एक जरी मित्र असता, तर यांतली कितीतरी पुन्हा इथे आली नसती. त्यांच्या पुढल्या सगळ्या कामाचे मूळ या एका विचारात आहे.

आणि मित्र व्हायचे म्हणजे काय, हे ८ डिसेंबर १८४१ रोजी कळले. त्या दिवशी तूरीनच्या एका चर्चमध्ये ते मिस्सेची, म्हणजे उपासनेची, तयारी करीत होते. कोपऱ्यात एक अनोळखी पोर उभे होते. चर्चच्या सेवकाने त्याला उपासनेत मदत करायला सांगितले. ते येत नाही म्हणताच सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले, जवळ बसवले. बार्तोलोमेओ गारेल्ली त्याचे नाव. वय सोळा, गवंड्याच्या हाताखाली काम, आईबाप दोघेही नाहीत, लिहिणे-वाचणे येत नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गाला का जात नाहीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, की माझ्याहून लहान पोरांना सगळे येते, मला काहीच येत नाही; मला लाज वाटते.

शिक्षक-बंधुभगिनींनो, हे उत्तर आपण जरा ध्यानात ठेवू या. आपण त्याला आळस म्हणतो, उनाडपणा म्हणतो, नास्तिकपणाही म्हणतो. आणि आत असते ती नुसती लाज. डॉन बॉस्कोंनी विचारले, तुला एकट्याला वेगळे शिकवले तर येशील? तो म्हणाला, येईन, पण मारायचे नाही. त्याच दिवशी पहिला धडा झाला. पुढच्या रविवारी तो सोबत्यांना घेऊन आला. गवंडी आले, पाथरवट आले, फरसबंदी करणारे आले.

या रविवारच्या मेळाव्याला त्यांनी नाव दिले 'ओरातोरिओ'. शब्दाचा अर्थ प्रार्थनेची जागा. पण तिथे जेवढी प्रार्थना, तेवढाच आरडाओरडा. त्यामुळे कोणत्याही जागेत फार दिवस टिकता येईना. एका ठिकाणी शेजारी कंटाळले, दुसऱ्या ठिकाणी मालकाने नोटीस दिली, एका कुरणातून गवत तुडवले म्हणून काढले. शहराचे अधिकारी मार्क्विस कावूर यांना तर शेकडो टारगट पोरे एका माणसाच्या शब्दात आहेत, याचीच भीती वाटू लागली. शेवटी १२ एप्रिल १८४६ या ईस्टरच्या दिवशी वाल्दोक्को नावाच्या शहराबाहेरच्या भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक ठेंगणी पडवी भाड्याने मिळाली. तिच्यापुढे मोकळे अंगण होते, आणि पोरांना हवे होते तेच.

शहरातल्या इतर धर्मगुरूंचीही एक तक्रार होती. आमच्या धर्मग्रामातली पोरे तुम्ही पळवता, असे ते म्हणत. डॉन बॉस्कोंचे उत्तर असे, की यांतली बहुतेक पोरे परगावची आहेत, आपण कोणत्या धर्मग्रामात राहतो हेच त्यांना ठाऊक नाही. मुख्य बिशपांनी त्यांची बाजू घेतली. आणि धर्मग्राम नसलेल्या पोरांचे धर्मग्राम, असे त्या पडवीचे रूप झाले. टापू नकाशावर आखलेला असतो, पण पोर काही नकाशात राहत नाही. ते जिथे राबते, जिथे झोपते, जिथे खेळते, तिथवर धर्मग्राम गेले पाहिजे, असा हा विचार.

तिथला रविवार असा असे. सकाळी पापनिवेदन आणि मिस्सा. मग गोष्टीसारखे सोपे प्रवचन. मग अक्षरओळख. दुपारी खेळ, नंतर धर्मशिक्षण, पुन्हा खेळ, गाणी, आणि अंधार पडता पडता निरोप. डॉन बॉस्को स्वतः खेळात उतरत. झगा सावरून पोरांबरोबर धावत. खेळता खेळताच एखाद्याच्या कानात हळूच एक शब्द सांगत. तो शब्द चारचौघांत सांगितला असता तर टोचला असता. कानात सांगितला म्हणून रुचला.

पण खरी गोष्ट रविवारी नव्हती, ती सोमवारी होती. आठवड्यात ते पोरांच्या कामावर जात. बांधकामाच्या परातींवर चढत, कारखान्यात डोकावत, मालकाशी चार शब्द बोलत. पोराला वाटे, माझे कुणीतरी आहे. आणि मालकालाही कळे, की या पोराचे कुणीतरी आहे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नाही.

हळूहळू एकेक गरज दिसत गेली, तसतसे एकेक काम वाढत गेले. पोरांना हिशेब येत नाही, म्हणून मालक फसवतो. तर रात्रीची शाळा निघाली. शिकवणार कोण? थोड्या शिकलेल्या मोठ्या पोरांनाच तयार करून त्यांनी मास्तर केले. त्या राज्यात १८५० पासून जुनी मापे जाऊन मीटर-किलो यायचे होते. आपल्याकडेही १९५८ नंतर शेर आणि मण जाऊन किलो आले, तेव्हा बाजारात कसा गोंधळ उडाला होता ते वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकले असेल. डॉन बॉस्कोंनी १८४९ साली दशमान पद्धतीवर एक सोपे पुस्तक लिहिले आणि तोच विषय नाट्यसंवादांतून पोरांना समजावला. धर्मगुरूने वजनमापांवर पुस्तक लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण ज्याला हिशेब कळत नाही, त्याची मजुरी बुडते. आणि मजुरी बुडालेल्या पोराला रविवारच्या प्रवचनात कितीसा रस राहणार?

मग घराचा प्रश्न आला. १८४६ च्या नोव्हेंबरात डॉन बॉस्कोंची आई गावचे घर सोडून लेकाबरोबर पायी तूरीनला आली. ही मामा मार्गारिता पुढे दहा वर्षे, मरेपर्यंत, त्या पोरांची आई झाली. आधी काही पोरांना माळ्यावर झोपायला जागा दिली, तर ती चादरी घेऊन पळाली. १८४७ च्या मे महिन्यात एका पावसाळी रात्री पंधरा वर्षांचे एक अनाथ पोर भिजत दाराशी आले. कामाच्या शोधात आलेले, जवळचे पैसे संपलेले. चादरींचा अनुभव ताजा होता. हे पोर भांडी घेऊन जाईल, अशी धास्ती वाटणारच. तरी त्या माउलीने स्वयंपाकघरात चार विटा मांडून, वर फळ्या टाकून बिछाना केला आणि निजण्यापूर्वी त्याला काम, इमान आणि देव यांविषयी चार गोष्टी सांगितल्या. तेव्हापासून त्या घरात रोज रात्री निजण्यापूर्वी चार शब्द सांगायची चाल पडली. ती सालेशियन घरांत आजही चालू आहे.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पोरांना कामावर लावताना डॉन बॉस्को मालकाशी लेखी करार करू लागले. ८ फेब्रुवारी १८५२ चा असा एक कागद आजही जपून ठेवलेला आहे. सुताराकडे दोन वर्षे शिकणाऱ्या एका पोराचा तो करार. मालकाने धंदा नीट शिकवावा. चुकले तर शब्दांनी सांगावे, मारू नये. धंद्याबाहेरची कामे लावू नयेत. रविवार आणि सणावारी सुटी द्यावी. वर्षाला पंधरा दिवसांची रजा द्यावी. पगार ठरल्याप्रमाणे वाढवावा. मुद्रांकाच्या कागदावर मालकाची सही, पोराची सही, बापाची सही आणि डॉन बॉस्कोंची सही. त्या काळी शिकाऊ पोराला लाथा-बुक्क्या, मालकिणीचे पाणी भरणे, मूल सांभाळणे हे ठरलेलेच होते. अशा वेळी एका धर्मगुरूने प्रार्थनेच्या पुस्तकाइतकीच निष्ठा त्या करारावर ठेवली. पुढे १८५३ पासून चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई यांचे कारखाने त्यांनी आपल्याच आवारात काढले.

आणि पोरे नुसती घेणारी राहिली नाहीत. १८५० साली त्यांनी आपसांत मदतमंडळ काढले. दर रविवारी प्रत्येकाने थोडा पैसा टाकायचा. कुणी आजारी पडला किंवा कामावरून सुटला, तर त्यातून रोजचा आधार मिळायचा. १८५४ साली तूरीनमध्ये पटकी आली, माणसे घरच्या रोग्याला सोडून पळू लागली, तेव्हा यांतली मोठी पोरे रोग्यांच्या सेवेला गेली. कालपर्यंत ज्यांना शहर टारगट म्हणत होते, त्यांचीच शहराला गरज लागली. त्याच वर्षी बारा वर्षांचा दोमिनिक साव्हिओ तिथे शिकायला आला. नव्या आणि एकट्या पडलेल्या पोरांची काळजी घेण्यासाठी १८५६ साली त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एक मंडळ काढले. पंधरा वर्षे पुरी व्हायच्या आत तो वारला. १९५४ साली चर्चने त्याला संत म्हणून गौरवले.

१८७७ साली डॉन बॉस्कोंनी आपल्या पद्धतीवर एक छोटेसे टिपण लिहिले. पोरांना वळण लावण्याच्या दोन रीती आहेत, असे ते म्हणतात. एक धाकाची. नियम सांगायचा, लांब उभे राहायचे, चूक झाली की पकडायचे. दुसरी प्रतिबंधाची. चूक व्हायच्या आधीच जवळ असायचे. या दुसरीचे तीन पाय आहेत. पहिला पाय विवेक: नियम का आहे हे पोराला पटवून द्यावे. दुसरा धर्म: देवाशी त्याचे नाते भीतीचे नसून घरचे व्हावे. तिसऱ्याला मूळ इटालियनमध्ये जो शब्द आहे, त्याला मराठीत 'जिव्हाळा' हाच शब्द शोभतो. १८८४ च्या १० मे रोजी रोमहून पाठवलेल्या पत्रात त्यांनी या तिसऱ्या पायाचे मर्म उलगडले. वाल्दोक्कोची संस्था तोवर मोठी झाली होती. शिक्षक अंगणात उतरेनासे झाले होते आणि पोरे दुरावली होती. त्यांचे म्हणणे असे, की पोरांवर नुसते प्रेम असून भागत नाही, ते पोरांना कळले पाहिजे. जो शिक्षक फक्त फळ्याजवळ दिसतो तो शिक्षकच राहतो. जो मैदानात उतरतो तो भाऊ होतो.

हे सारे मुलांपुरतेच होते. मुलींचे काय, असे आपण विचाराल. मोर्नेसे गावी मारिया माझारेल्लो या शेतकऱ्याच्या मुलीने गावच्या मुलींसाठी शिवणवर्ग काढला होता. शिवण हे निमित्त. त्यामागे हाच विचार होता. १८७२ साली डॉन बॉस्को आणि तिने मिळून भगिनींचा संघ स्थापला आणि मुलींसाठी हे काम पसरले.

डॉन बॉस्को ३१ जानेवारी १८८८ रोजी वारले आणि १९३४ साली संत म्हणून घोषित झाले. त्यांचे सालेशियन सहकारी १९०६ साली भारतात तंजावरला आले, १९२८ साली मुंबईत आले, १९४६ साली पणजीत आले. आपल्या केंद्राचे मोजमाप करायला त्यांनी चार शब्द ठरवले आहेत: सामावून घेणारे घर, श्रद्धा देणारे धर्मग्राम, जगायला शिकवणारी शाळा, आणि मित्र भेटतील असे अंगण. चारांतले एक जरी नसले तरी काम अपुरे. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनीही आधी १९७६ साली आणि मग १९९७ साली धर्मग्रामांतल्या किशोरवयीनांसाठी मार्गदर्शक पत्रके काढली. दुसऱ्या पत्रकात कामाची आठ अंगे सांगितली आहेत: पोरांची बाजू मांडणे, धर्मशिक्षण, एकत्र जीवन, श्रद्धेचा परिचय, न्याय आणि सेवा, नेतृत्व घडवणे, अडचणीतल्याला आधार, आणि प्रार्थना-उपासना. आपण पाहिलेच, की पडवीपुढच्या त्या अंगणात यांतली बहुतेक अंगे नाव न घेता चालू होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गेल्या काही दशकांत अनेक देशांत उघड झाले, की काही धर्मगुरूंनी आणि संस्थाचालकांनी याच जवळिकीचा गैरफायदा घेऊन मुलांवर अत्याचार केले, आणि ते दाबून टाकण्यात आले. अमेरिकेतल्या बिशपांना २००२ साली त्यासाठी संरक्षणाचे नियम करावे लागले. आपल्या देशात २०१२ साली बालकांच्या लैंगिक छळाविरुद्ध वेगळा कायदा झाला. म्हणून जिव्हाळा हवा, पण तो अंगणातला, चारचौघांच्या देखत. बंद दाराआडचा नव्हे. तक्रार करणाऱ्या पोराचे आधी ऐकावे, संस्थेची अब्रू मग पाहावी. ज्या कामाचा पायाच पोराचा विश्वास आहे, त्यात हे नियम म्हणजे अडचण नव्हे, ती त्या कामाची राखण आहे.

आता आपल्या गावापुरते पाहू. दरसाल शाळेतून काही पोरे गळतात. कुणी तालुक्याच्या गॅरेजवर लागतो, कुणी हॉटेलात, कुणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो. हजेरीपटावरून नाव गेले की शाळेचा संबंध संपतो, आणि देवळाचा, चर्चचा, तालमीचाही हळूहळू संपतो. धर्म कोणताही असो, गावात निदान एका जाणत्या माणसाला अशा प्रत्येक पोराविषयी तीन गोष्टी ठाऊक असाव्यात: त्याचा मालक कोण, तो रात्री निजतो कुठे, आणि रविवारी असतो कुणाबरोबर. आणि वय चौदाच्या आत असेल, तर त्याला कामावर ठेवणेच आपल्या कायद्याला मान्य नाही. तेव्हा गुरुजींनी मालकाला भेटून त्याला शाळेत परत आणावे. त्या भेटीला अर्धा दिवस जाईल. पण मालकालाही कळेल, की या पोराचे कुणीतरी आहे.